लेकीच्या गाडीला लोढणं

टायरच्या दुकानात माणूस हसत येत नाही. गाडी घेतली की पेढे वाटतात, बोनेटवर स्वस्तिक काढतात, चारही चाकांखाली लिंबं ठेवतात. टायर घ्यायला मात्र सगळे दाताच्या दवाखान्यात आल्यासारखे येतात. उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडवर माझं दुकान आहे. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. मुलाच्या मते मी धंद्यात लुडबुड करतो. पण गिऱ्हाईक आत जायच्या आधी माझ्यापाशीच थांबतं, कारण त्याला टायर घ्यायचा नसतो, आहे तो अजून चालेल असं कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं.

आलेला माणूस पहिल्यांदा टायरला लाथ मारतो. बैल घेताना दात बघायची आमच्याकडची जुनी सवय टायरपाशी आली की पायात उतरते. त्या लाथेतून त्याला काय समजतं हे एवढी वर्षं धंदा करूनही मला उमगलेलं नाही. लाथ मारून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, "किती टिकंल?" आमच्या भागात चप्पल, टायर आणि जावई या तिन्हींची पारख याच एका प्रश्नावर होते. वाईचे एक गुरुजी होते, ते तर चार-चार दुकानं फिरून हाच प्रश्न विचारायचे आणि अमावास्या टाळून टायर बसवायला यायचे. गुरुजींचे टायर टिकायचेही, कारण ते गाडी लग्नकार्याशिवाय बाहेर काढत नसत.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. रबर दोन स्वभावांचं असतं. कडक रबर झिजत नाही, कारण ते रस्त्याला फारसं धरत नाही. मऊ रबर रस्त्याला धरतं, आणि धरतं म्हणूनच झिजतं. म्हणजे जो टायर तुम्हाला घाटात वेळेवर थांबवतो तो लवकर संपतो, आणि जो वर्षानुवर्षं संपत नाही तो ऐनवेळी थांबेलच याची खात्री नसते. उसाच्या ट्रॉलीला एक लागतो, मोटरसायकलला दुसरा, आणि ज्या गाड्या पळण्यासाठीच बनवल्यात त्यांना तिसराच. गिऱ्हाइकाला हे सांगायला गेलं की त्याला वाटतं, हा महागातला टायर गळ्यात मारतोय. म्हणून मी पुष्कळदा गप्प बसतो.

मागच्या हंगामात मात्र गप्प बसता आलं नाही. पलूसजवळच्या एका गावचे सुभेदार आनंदराव म्हणजे आमचे आबा. माझा थोरला भाऊ आणि ते एका पलटणीत होते. भाऊ आता नाही, पण आबांनी नातं सोडलेलं नाही. रिटायर झाल्यापासून ते ऊस बघतात. त्यांना एकच मुलगी, स्नेहल. ती शिरवळच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करणाऱ्या विभागात मोठ्या हुद्द्यावर आहे. राहते साताऱ्यात आणि रोज खंबाटकीच्या घाटातून जाते-येते. तिनं स्वतःच्या कमाईतून पुण्यातल्या कुणाची तरी वापरलेली लाल रंगाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतली होती. बापाला विचारलं नव्हतं, घेतल्यावर सांगितलं होतं.

एक दिवस स्नेहलचा मला फोन आला, "काका, गाडीचे टायर बदलायचेत, शनिवारी येते." आणि शनिवार उजाडायच्या आधीच आबा वडापच्या जीपमधून माझ्या दारात उतरले. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, ताठ कणा. खुर्चीवर बसले आणि मुलगा आत आहे ना, हे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"दत्ता, पोरीनं तुला फोन केलाय म्हणं."

"व्हय आबा. टायर बदलायचेत तिला."

"बदल की. पण असलं टायर घाल, की गाडी पळायचीच न्हाई."

"आवं आबा, पळायचं काम इंजिनाचं."

"ते मला कळतंय रं. आमच्याकडं एक खोंड हुता. दावं सुटलं की गेला दुसऱ्याच्या उसात. मग त्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधलं. पळाया लागला की पायात यायचं. दोन-चार दिसांत शाना झाला. तसं काय तरी कर. ट्रॉलीला घालतोस तसलं कडक, जड टायर घाल. आन पोरीला काय बोलू नगंस."

मी हसलो नाही, कारण ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. स्नेहल रोज संध्याकाळी घरी पोचल्यावर फोन करते, तोवर आबा अंगणात फेऱ्या मारतात. रात्री डोळा लागला तरी घाटच दिसतो म्हणाले. "तिची आई काय म्हणती ठावं हाय? म्हणती, तुमी सीमेवर हुता तवा मी अशीच जागी असायची, आता तुमची पाळी."

मी चहा मागवला. मग त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून बघितलं. "आबा, तुमची बर्फात ड्यूटी असायची. तितं तुमाला तळ गुळगुळीत झालेलं बूट दिलं असतं तर तुमी हळू चालला असता का?"

"हळू कशाचं, दरीत गेलो असतो."

"मग लेकीच्या गाडीला तसलं बूट घालाया का सांगताय?"

आबा चहा बशीत ओतून तसेच बसून राहिले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "तुझं बराबर हाय. पण गड्या, बूट चांगलं असलं की जवान पळतो. आमच्यातली जी पोरं घसरली, त्यातली लय जणं नव्या बुटातलीच हुती."

ते खरंच होतं. नवे टायर घातले की माणसाला उगाच धीर येतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो, हे मी दुकानाच्या दारातून कितीदा तरी पाहिलंय. मी म्हणालो, "बघतो." आपल्याकडं 'बघतो' म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. आबा पडले फौजी, त्यांनी तो होकार धरला आणि परतीच्या जीपला हात केला.

शनिवारी गाडी आली. एवढी बुटकी, की आमचा जॅक तिच्या पोटाखाली जाईना. आधी चाकांखाली फळ्या घातल्या, गाडी वर घेतली, मग कुठं जॅक बसला. तोवर अर्धा बाजार गोळा झाला होता. मागची चाकं रुंद आणि पुढची अरुंद हे बघून शेजारचा खताचा दुकानदार म्हणाला, "मागं मोठी आन पुढं बारकी? म्हंजे ट्रॅक्टरच की ह्यो." स्नेहल सगळ्यांत मोठ्यानं हसली.

जुन्या टायरची नक्षी जवळपास नवी होती. कुणीही म्हणालं असतं, अजून पुष्कळ चालतील. पण मी कडेला अंगठ्याचं नख दाबलं तर नख आत जाईना. वाकून बघितलं तर केसासारख्या बारीक चिरा. टायर कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी तयार झाला, ते त्याच्या कडेवर उठवलेलं असतं. ते तिला दाखवलं. आधीच्या मालकानं गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये झाकून ठेवली असणार. टायर वापरला नाही तरी म्हातारा होतो. उलट उभ्या उभ्या जास्त होतो.

स्नेहल खाली बसून त्या चिरा बघत होती. मग हळूच म्हणाली, "काका, बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे वळण आहे ना, तिथं पावसात एकदा मागचं चाक सरकलं होतं. मला वाटलं माझंच चुकलं. म्हणून तर टायरचं मनात आलं. आबांना सांगू नका."

झालं. आता दोन्हीकडची गुपितं माझ्याकडं. आबा आले होते हे लेकीला सांगायचं नाही, आणि चाक सरकलं होतं हे आबांना सांगायचं नाही. चाक सरकलं हे ऐकून मात्र मी त्या चिरा परत एकदा अंगठ्यानं चाचपल्या. तोवर मी आबांच्या काळजीकडं म्हाताऱ्या बापाचा हट्ट म्हणून बघत होतो.

स्नेहलनं फोनवर एक टायर दाखवला. "मला हे हवेत." काळाकुट्ट, तुकतुकीत, खाचा अगदी नावाला. शर्यतीच्या मैदानावर चालवायचा टायर. दिसायला देखणा, आणि कोरड्या तापलेल्या रस्त्यावर गुळाच्या पाकासारखा चिकटणारा. पण टायरच्या खाचा शोभेला नसतात. रस्त्यावरचं पाणी आत घेऊन बाजूला फेकायचं काम त्यांचं. खाचाच नसल्या तर पाणी जाणार कुठं? टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी आपल्याच मनानं जाते. शिवाय तो टायर गरम झाल्याशिवाय धरत नाही. थंडीत सकाळी साताऱ्याहून निघालेल्या गाडीचा तो गरम होणार कधी?

"पोरी, तू शिरवळला कामाला जातीस का शर्यतीला?" मी विचारलं.

ती हसली, पण हट्ट धरून बसली नाही. तपासणी खात्यातली मुलगी ती. तिनं विचारलं, "ठीक आहे. मग ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर सगळ्यांत लवकर कुठला थांबतो?"

किती टिकेल, ॲव्हरेज किती देईल, दिसायला कसा, यावर माझं अर्धं आयुष्य गेलं. कुठला लवकर थांबतो, हे विचारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली असतील. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलंही.

मग आम्ही दोघांनी मिळून टायर निवडला. बापाला हवा होता तो नाही आणि लेकीला हवा होता तोही नाही. असल्या गाड्यांसाठी एक मधला प्रकार येतो. साध्या टायरपेक्षा मऊ, पण रोजच्या रस्त्यासाठी केलेला, मधून लांब आणि खोल पन्हळी असलेला. कंपनीनं गाडीच्या दारावर पुढच्या-मागच्या चाकांचं जे माप लिहिलेलं असतं तेच घ्यायचं, उगाच शहाणपणा करून रुंद घ्यायचा नाही. टायर किती वजन पेलेल त्याचा आकडा आणि किती वेग सोसेल त्याचं अक्षर कडेवर असतं, तेही लिहिलंय त्यापेक्षा कमी चालत नाही. आणि चारही एकाच जातीचे. पुढं एक आणि मागं दुसराच, असं केलं की गाडीला दोन मनं होतात.

"पण हे टिकणार न्हाईत हं," मी म्हणालो.

"नाही टिकले तरी चालतील, काका."

हे वाक्य मी उंब्रजमध्ये पहिल्यांदाच ऐकलं. आत गल्ल्यावरच्या मुलानंही मान वर करून बघितलं.

निघताना ती म्हणाली, "आबा येऊन गेले ना?" मी टायरकडं बघायला लागलो. "अहो, त्यांनी मला फोनवर टायरचा नंबर विचारला. जन्मात कधी गाडीचा विषय काढला नाही. तेव्हाच कळलं." तिला राग नव्हता आला. वाईट मात्र वाटलं होतं. "मी जोरात चालवत नाही, काका. पण ते कधी बघायलाच येत नाहीत. बसा म्हटलं तर म्हणतात, मी त्या बेडकात बसणार न्हाई."

असले टायर आमच्या दुकानात नसतात. मागवावे लागतात. पुढचे दोन आले ते चांगले होते. मागचे दोन उघडले तर त्यांच्यावरची तारीख फार जुनी. कुठल्या तरी गोदामात पडून म्हातारे झालेले. मुलगा म्हणाला, "कोण बघतंय तारीख?" मी म्हणालो, "मी बघतोय." ते परत पाठवले आणि नव्याची वाट बघत बसलो. स्नेहलची गाडी तोवर माझ्याच शेडमध्ये, ट्रॉलीच्या रिमांशेजारी ताडपत्री पांघरून उभी. ती बिचारी कारखान्याच्या बसनं जायची.

त्या दिवसांत आबांचा रोज फोन. "टायर आलं का रं?"

"न्हाई आबा अजून."

"मग काय घाई न्हाई. सावकाश येऊ दे." आवाजात काय आनंद होता म्हणून सांगू. आबांच्या घरी त्या दिवसांत सगळ्यांना झोप लागत होती. शेवटी शेवटी तर त्यांनी मला सुचवून बघितलं, की टायर मिळतच नाहीत असं सांगायला काय हरकत आहे.

पण टायर आले. असल्या टायरवर बाण असतो, तो चाक फिरतं त्या दिशेला यावा लागतो. उलटा बसला तर पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढतो. व्हॉल्व्ह नवे घातले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली. मुलगा करत होता आणि मी मागून बाण बघत होतो. त्यानं एकदा माझ्याकडं असं बघितलं, की मी खुर्चीत जाऊन बसलो. स्नेहलला सांगितलं, नव्या रबरावर तेलकट पापुद्रा असतो, पहिले काही दिवस टायर निसरडे असतात, तोवर दमानं. ती हो म्हणाली आणि गेली.

आबांना फोन करणं भागच होतं. मी स्पष्ट सांगितलं, "आबा, तुमी सांगितलं तसलं न्हाई घातलं. थांबणारं घातलंय."

पलीकडून नुसतं "बरं," आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचे फोन यायचे बंद. मी केला तर वहिनी उचलायच्या आणि "शेतात गेल्यात" म्हणायच्या. मागून रेडिओ आणि आबांचं खोकणं मला ऐकू यायचं. आणि नेमका त्याच आठवड्यात अवकाळी सुरू झाला. थंडीच्या तोंडावर पावसाळ्यासारखा पाऊस, कारखाने सुरू झालेले, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, सगळीकडं चिखल आणि पाचट.

आता अंगणात फेऱ्या मारायची पाळी माझी होती. एका बापानं विश्वासानं एक गोष्ट सांगितली आणि मी ती केली नाही. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर आबांच्या समोर मी कुठल्या तोंडानं उभा राहणार? टायरच्या खाचा दाखवून? दुकान हायवेला, त्यामुळं ॲम्ब्युलन्सचा भोंगा रोजचाच. इतकी वर्षं तो कानावरून जायचा, आता काळजावरून जायला लागला. संध्याकाळ झाली की मी काही ना काही निमित्त काढून स्नेहलला फोन करायचो. हवा किती आहे, आवाज येतोय का. आमची मंडळी म्हणाली, "पोरगी त्यांची हाय का तुमची?" मी म्हणालो, टायर माझे आहेत.

नवीन चाकं बसवली की थोडी गाडी चालल्यावर बोल्ट एकदा परत आवळून घ्यायचे असतात. त्यासाठी स्नेहल एका रविवारी येणार होती. शनिवारी ती गावी गेली होती, तिथून येताना उंब्रजला थांबून पुढं साताऱ्याला जाणार होती. दुपार झाली तरी पावसाची भुरभुर चालूच होती. लाल गाडी सर्व्हिस रोडला वळली आणि अगदी हळू येऊन माझ्या दारात उभी राहिली. काही वेळ दार उघडेना.

काचेतून बघितलं तर शेजारच्या सीटवर आबा.

स्नेहल उतरली. ती दाराला धरून उभी राहिली. मी पलीकडं जाऊन आबांना हात दिला, कारण त्या गाडीतून उठणं म्हणजे जमिनीवरच्या पाटावरून उठण्यासारखं आहे. त्यांचे कपडे भिजलेले, धोतराला चिखल. ते माझ्याकडं न बघता पुढच्या चाकापाशी गेले, वाकले आणि टायरवर हात ठेवून तसेच थांबले.

"आबा, काय झालं?"

"काय व्हायचंय," ते म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. "दवाखान्यात डोळं दाखवायचं हुतं साताऱ्यात, डाक्टर आयतवारी बी बसतो. मी वडापनं निघालो हुतो. ही म्हणाली बसा. तिच्या आईनं सांगितलं, पोरीची गाडी दारात असताना वडापनं गेलासा तर परत येऊ नगा. मग बसलो."

"मग?"

"तासवड्याचा टोलनाका सोडला. म्होरं एक ट्रक हुता. त्यो एकदम डावीकडं गेला, आन मधोमध उसाची ट्रॉली हुबी. ट्रॅक्टरला जोडायची पीन तुटल्याली. ट्रॅक्टर लांब जाऊन थांबल्याला. मागं ना दिवा, ना साधी फांदी टाकल्याली. रस्त्यावर पाचट, वरनं पाऊस. मी डोळं मिटलं, दत्ता. खरं सांगतो. लढाईला न्हाई मिटलं, आज मिटलं."

स्नेहलनं मान खाली घातली होती.

"गाडीनं जाग्यावर पाय रोवलं. इकडं न्हाई का तिकडं न्हाई, सरळ हुबी. डोळं उघडलं तर म्होरं ऊस. हात बाहीर काढून कांडं मोडून घ्यावं एवढ्या अंतरावर."

त्यानंतरचं स्नेहलनं सांगितलं. तिनं गाडी कडेला घेतली, तोवर आबा उतरून पावसात रस्त्यावर गेले, आणि ट्रॅक्टरवाला ट्रॉलीपाशी परत येईपर्यंत टॉवेल हलवून मागच्या गाड्या डाव्या बाजूला वळवत उभे राहिले. ट्रॅक्टरवाला आल्यावर त्याला जे काही बोलले, ते तिनं मला सांगितलं नाही. तो पलूसचाच निघाला म्हणे, नात्यातलाही निघाला असता, पण आबांनी चौकशी करायच्या आत तो दुसरी पीन घालून पसार झाला.

आबा आता माझ्या खुर्चीत बसले होते. मी आतून कोरडा टॉवेल आणून दिला. ते डोकं पुसत म्हणाले, "आन एक सांगू का? काटा ऐंशीच्या वर गेला न्हाई. कराड सोडल्यापास्नं मी त्या काट्याकडंच बघत हुतो. ट्रक जवळ आला की ही अंतर ठिवती. पाऊस वाढला की हळू हुती. मला वाटायचं, पोरगी इमान उडवती."

"मी रोज अशीच चालवते, आबा," स्नेहल म्हणाली. "तुम्ही कधी बसलाच नाहीत."

"व्हय. न्हाई बसलो." एवढंच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "दत्ता, तुझं बूट बी चांगलं निघालं, आन जवान बी शाना निघाला. माझं ऐकलं असतंस तर," असं म्हणाले आणि परत डोकं पुसायला लागले. मी उठलो, पाना घेतला आणि बोल्ट आवळायला बसलो. मुलगा म्हणाला, "मी करतो की, दादा." मी त्याला हातानंच नको म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते मुलाला दिसू नये असं वाटत होतं. एका आठवड्याचं ओझं त्या चार चाकांपाशी खाली बसल्या बसल्या उतरलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बोल्ट सगळे घट्ट होते. हवा बरोबर होती. मी चारही टायर हात फिरवून बघितले, एखादा खिळा, काच, काही नव्हतं. त्या एका ब्रेकनं रबर थोडं खाल्लं असणार, पण आज ते कुणीही विचारणार नव्हतं. मी समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले. भुरभुर वाढली म्हणून आबा म्हणाले, "मी आतच बसतो," आणि स्वतःच दार उघडून, एक हात टपावर ठेवून, पाय आधी आत घालून त्या गाडीत बसले.

चहा आला. मी एक कप घेऊन त्यांच्या काचेपाशी गेलो. आबा मान एका बाजूला टाकून झोपले होते. तोंड उघडं, टोपी मांडीवर, आणि घोरणं काच बंद असूनही ऐकू येत होतं. स्नेहल शेजारी येऊन उभी राहिली आणि बघत राहिली.

"डॉक्टरांची वेळ आहे," ती म्हणाली.

"फोन कर त्यास्नी," मी म्हणालो. "सांग, थोडा उशीर हुईल."

तिनं जरा लांब जाऊन हळू आवाजात फोन केला. मी मुलाला कॉम्प्रेसर बंद करायला सांगितलं. मग आम्ही दोघं शेडखाली उभे राहून चहा प्यायलो. आबांना उठवायची कुणालाच घाई नव्हती.